ग्रीक प्रहसनांच्या पोथ्या व माल्टा बेटावरील एक भाषांतर

साताऱ्याचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ सालीं निवर्तले, तेव्हां तेथें रेसिडेंट असलेल्या बार्टल फ्रिअर साहेबाचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. महाराजांनीं अंतकाळीं घेतलेला दत्तक मान्य व्हावा असा त्याचा अभिप्राय होता. तो बाजूस सारून लॉर्ड डलहौसीनें राज्य खालसा केलें, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पुढें १८६२ पासून १८६७ पर्यंत हाच गृहस्थ मुंबईचा गव्हर्नर होता. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. त्याचा चुलता जॉन हुकम फ्रिअर हा होय. १८३४ सालीं एकोणीस वर्षांचा बार्टल मुलकी नोकरीवर रुजू होण्यासाठीं इजिप्तच्या वाटेनें मुंबईस निघाला, तेव्हां वाटेंत माल्टा बेटावर तो या चुलत्याकडे उतरला होता. चुलत्यास त्या वेळीं पासष्ट वर्षें झालेलीं होतीं, आणि ग्रीक प्रहसनकार आरिस्टोफेनीस याचीं नाटकें इंग्रजी पद्यांत उतरविण्याचें काम त्यानें कित्येक वर्षांपूर्वीं हातीं घेतलेलें होतें.

हें भाषांतर कसें झालें तें सांगण्यापूर्वीं ज्या पोथ्यांच्या आधारावर तें उभें आहे त्यांची कुळकथा सांगणें भाग आहे. संग्राहकांस भाषांतरापेक्षां ती कुळकथाच कदाचित् अधिक जवळची वाटेल. एखादा ग्रंथ ज्या गुणासाठीं रचिला गेला त्याच गुणासाठीं तो जपला जातो, असें आपण सहज गृहीत धरितों. या कवीच्या बाबतींत तसें घडलें नाहीं, आणि जें घडलें तें पोथ्या गोळा करणाऱ्या माणसास अस्वस्थ करणारें आहे.

आरिस्टोफेनीसाचा जन्म इ. स. पू. ४४६ च्या सुमारास व मृत्यु ३८६ च्या सुमारास, अथेन्स नगरांत. त्यानें रचिलेल्या सुमारें चाळीस नाटकांपैकीं अकरा आज समग्र उपलब्ध आहेत. बाकीच्यांचीं नांवें, तुटक ओळी व इतर ग्रंथकारांनीं घेतलेले उतारे एवढेंच उरलें आहे. संस्कृत नाट्यशास्त्रांत प्रहसन हा रूपकाचा एक प्रकार सांगितला असून, महेंद्रविक्रमवर्म्याचें मत्तविलास गणपतिशास्त्र्यांनीं १९१७ सालीं त्रिवेंद्रम येथून छापून काढल्यापासून त्याचा एक जुना व सुरेख नमुना आपल्यापुढें आहे. परंतु मत्तविलासांतला कापालिक हा अमुक एक कापालिक नव्हे. तो एका वर्गाचा प्रतिनिधि आहे. अथेन्सच्या प्रहसनांत प्रेक्षकांमध्यें बसलेला माणूस त्याच्या नांवानिशीं रंगभूमीवर येतो आणि हजारों नगरवासीयांच्या देखत मार खातो. नगराचा धुरीण क्लीऑन, नाटककार युरिपिडीस, तत्त्वज्ञ सॉक्रेटीस यांपैकीं कोणासहि या कवीनें सोडलें नाहीं.

हें सर्व भर युद्धांत चाललें होतें, ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अथेन्स व स्पार्टा यांचें युद्ध इ. स. पू. ४३१ पासून ४०४ पर्यंत चाललें, आणि उपलब्ध अकरांपैकीं नऊ नाटकें त्या सत्तावीस वर्षांतलीं आहेत. ४२५ सालच्या ‘आकार्नियाचे लोक’ या नाटकांत युद्धास कंटाळलेला एक शेतकरी शत्रूशीं स्वतःपुरता खाजगी तह करितो. पुढच्याच वर्षीं ‘सरदार’ नाटकांत क्लीऑन हा भोळ्या म्हाताऱ्या धन्यास नागविणारा लबाड गुलाम म्हणून दाखविला, व त्या धन्याचें नांव होतें ‘लोक’. क्लीऑन त्या वेळीं पायलॉसच्या जयानें कीर्तीच्या शिखरावर होता. तरीहि त्या नाटकास पहिलें बक्षीस मिळालें! आणि ज्यांनीं तें दिलें त्याच लोकांनीं थोड्याच दिवसांनीं क्लीऑनला सेनापति निवडलें. ४२३ सालीं आलेल्या ‘मेघ’ नाटकांत सॉक्रेटिसाची टवाळी होती. तें तीन नाटकांत तिसरें ठरलें. कवीस हें फार लागलें व त्यानें तें पुन्हां लिहावयास घेतलें. आज जें ‘मेघ’ आपण वाचतों तें हें दुसरें, रंगभूमीवर न आलेलें संस्करण होय; पहिलें नष्ट झालें. चोवीस वर्षांनीं सॉक्रेटिसावर खटला झाला, तेव्हां आपल्याविषयींच्या जुन्या अपसमजाचें एक मूळ म्हणून या प्रहसनकाराचा उल्लेख त्याच्या तोंडीं प्लेटोनें घातला आहे. विनोदाचा परिणाम कोठवर पोंचतो, याचें याहून गंभीर उदाहरण आमच्या वाचण्यांत नाहीं.

४०५ मधील ‘बेडूक’ या नाटकाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांत नाट्यदेव डायोनायसस चांगला कवि परत आणण्यासाठीं पाताळांत जातो व तेथें दोन मृत कवींच्या ओळी तराजूंत घालून तोलल्या जातात. या प्रहसनांत मध्यंतरीं एक ठरीव जागा असे. तेथें कथानक थांबे, गायकवृंद पुढें येई व कवीच्या वतीनें प्रेक्षकांशीं सरळ बोले. ‘बेडूक’ मधील या भाषणांत, ज्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आहेत त्यांना ते परत द्या व नगर एक करा, असा उपदेश आहे. तो लोकांस इतका मानवला कीं, नाटकाचा प्रयोग पुन्हां करविण्याचा मान कवीस मिळाला. पुढच्या वर्षीं अथेन्स पडलें.

अथेन्स पडलें, मग मॅसिडोनियाचें राज्य आलें, मग रोमचें. क्लीऑन कोण होता हें विचारणाराहि उरला नाहीं. ज्या विनोदाचें मर्म समजण्यास त्या वर्षींचा बाजारभाव, त्या महिन्यांतला खटला व त्या गल्लींतला चांभार ठाऊक असावा लागतो, तो विनोद दोन पिढ्यांत शिळा होतो. मग हीं नाटकें कोणीं व कां जपलीं?

याचें उत्तर असें कीं, तीं शब्दांसाठीं जपलीं गेलीं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत ग्रीक विद्वानांमध्यें शुद्ध अथेन्सी भाषेची मोठी चळवळ उठली. बोलण्याची भाषा बदलून गेली होती. पण सुशिक्षितानें लिहावयाचें तें पांचशें वर्षांपूर्वींच्या अथेन्सच्या भाषेंत, असा दंडक पडला. वैयाकरण शिष्टप्रयोगाचा शोध घेऊं लागले, आणि त्या भाषेची सर्वांत मोठी खाण त्यांना आरिस्टोफेनीसापाशीं सांपडली. भांडीकुंडीं, भाजीपाला, मासे, शिव्या, शेतीचीं अवजारें, न्यायसभेंतल्या संज्ञा यांचीं अस्सल नांवें दुसरीकडे एवढीं कोठें मिळणार? म्हणून त्याच्यावर टीका रचल्या गेल्या, शब्दकोश झाले, आणि पोरांच्या हातीं तो पाठ्यपुस्तक म्हणून दिला गेला. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें असल्यामुळें परीक्षेच्या धाकानें ग्रंथ कसा टिकतो हें आम्हांस ठाऊक आहे. पण वर्गांत वाचतांना ज्या ओळींवर मास्तरानें खांकरून पुढें जावें, अशा ओळी व्याकरणासाठीं हजार वर्षें घोकल्या गेल्या, हें वाचून आम्हीं थक्क झालों.

याच्या उलट मेनँडराचें नशीब पाहावें. (मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथामुळें आपणांस परिचित असलेला यवन राजा मिलिंद हाहि मेनँडर नांवाचाच, परंतु हा कवि त्याच्या पूर्वींचा व अगदींच निराळा.) मेनँडरानें इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस शंभरांहून अधिक नाटकें लिहिलीं. त्यांत कोणा हयात माणसाची निंदा नाहीं, अचकट-विचकट कांहीं नाहीं. बाप-लेक, नवरा-बायको, हरवलेलें मूल, चतुर नोकर असे विषय. प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांनीं त्याच्या नाटकांवरून आपलीं नाटकें बेतलीं, आणि त्यांच्या द्वारें त्याचा वंश साऱ्या युरोपीय नाटकांत पसरला. कित्येक शतकें होमराच्या खालोखाल त्याचें वाचन होत असे. परंतु शुद्ध भाषेच्या अभिमान्यांस तो पसंत पडला नाहीं. फ्रिनिकस नांवाच्या वैयाकरणानें तर त्याच्या शब्दांवर उघड ठपका ठेविला आहे. परिणामीं शाळांतून त्याचें उच्चाटन झालें, मध्ययुगांत त्याची नक्कल करणारा कोणी उरला नाहीं, आणि युरोपांत छापखाने आले तेव्हां त्यांना देण्यास मेनँडराचें एकहि सबंध नाटक शिल्लक नव्हतें. सोज्वळ कवि बुडाला आणि शिवराळ तरला.

तो पुन्हां कसा वर आला, हें संग्राहकांनीं अवश्य वाचावें. १९०५ सालीं गुस्ताव्ह लेफेव्हर या फ्रेंच संशोधकास वरच्या इजिप्तमधील कोम इष्काव या गांवीं एका जुन्या घराच्या अवशेषांत एक रांजण सांपडला. सहाव्या शतकांतल्या डायोस्कोरस नांवाच्या कायदेपंडिताचें हें दफ्तर. त्यांत खतें, अर्ज, हिशेब असे कागद भरलेले होते. त्या कागदांवर धूळ बसूं नये म्हणून वर जीं सुटीं पानें झांकणासारखीं दडपून ठेविलीं होतीं तीं मेनँडराच्या पोथीचीं होतीं! पांच नाटकांचे कमीअधिक भाग त्यांत निघाले, व १९०७ सालीं ते छापले गेले. इकडे फयूमच्या बाजूस प्रेतांच्या पेट्या ज्या रद्दीच्या लगद्याच्या करीत, ती रद्दी सोडवितां सोडवितां त्याच्या ‘सिक्यॉनचा रहिवासी’ या नाटकाच्या पट्ट्या निघाल्या. शेवटीं स्वित्झर्लंडमधील बोडमर यांच्या संग्रहांतील एका पपायरस पोथीवरून १९५८ सालीं ‘डिस्कोलॉस’ म्हणजे ‘तुसडा म्हातारा’ हें जवळजवळ संपूर्ण नाटक प्रसिद्ध झालें, आणि त्याच पोथीचे दुसरे भाग १९६९ त बाहेर आले. ‘डिस्कोलॉस’ वाचून पुष्कळ विद्वानांची निराशा झाली असें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. विहिरींत पडलेला आडमुठा म्हातारा आणि त्याला बाहेर काढणारा सावत्र मुलगा यांच्यामधलें बोलणें आजहि कोणत्याहि खेड्यांत ऐकूं येईल.

आतां आरिस्टोफेनीसाच्या पोथ्यांकडे वळूं. ग्रीक ग्रंथ प्राचीन काळीं मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्यें जागा न सोडतां लिहीत. मोडी वाचण्याची ज्यांना संवय आहे त्यांना यांतली अडचण वेगळी सांगावयास नको. नाटकाच्या बाबतींत दुसरी एक अडचण असे. ती अशी कीं, बोलणाऱ्या पात्राचें नांव दरवेळीं लिहीत नसत. बोलणारा बदलला कीं ओळीच्या आरंभाखालीं एक लहान रेघ, किंवा ओळीच्या मध्येंच बदलला तर दोन टिंबें, एवढीच खूण. नक्कल करतांना ती रेघ सुटली कीं प्रश्न आणि उत्तर एकाच्याच तोंडीं जाई. आज छापील ग्रंथांत पात्रांचीं जीं नांवें दिसतात तीं पुष्कळ अंशीं मागाहून विद्वानांनीं ठरविलेलीं आहेत. आपल्याकडे राजा संस्कृत बोलतो व दासी प्राकृत, म्हणून लेखकाची चूक झाली तरी भाषेवरून पात्र ओळखतां येतें. ग्रीक प्रहसनांत असा आधार क्वचितच, म्हणजे एखादा स्पार्टन, मेगाराचा शेतकरी किंवा सिथियन शिपाई आपल्या बोलींत बोलतो तेवढाच, मिळतो.

नवव्या शतकांत बायझँटियममध्यें ग्रंथ लहान जोडाक्षरी लिपींत उतरविण्याची प्रथा सुरू झाली. त्या वेळीं ज्याची नक्कल झाली तें वांचलें, न झाली तें गेलें. शाळांसाठीं ‘धनदेव’, ‘मेघ’ व ‘बेडूक’ हीं तीन नाटकें निवडलीं गेल्यामुळें त्यांच्या पोथ्या दीडशेंहून अधिक आहेत. त्यांवर बाराव्या शतकांत त्झेत्झीसनें टीका लिहिली. चौदाव्या शतकाच्या आरंभीं थेस्सलोनिकीच्या डिमेट्रिअस ट्रिक्लिनिअस यानें छंदःशास्त्राच्या आधारानें बिघडलेलीं पद्यें ताळ्यावर आणण्याचा प्रयत्न केला. वृत्त मोडलें म्हणजे पाठ बिघडला, ही कसोटी आपल्या पंडितांचीहि आहे. पण ती लावणारा मनुष्य पुष्कळदां बिघडलेल्या पाठाबरोबर चांगला पाठहि दुरुस्त करून टाकतो. ट्रिक्लिनिअसानेंहि तें केलें आहे.

परंतु अकराहि नाटकें एकत्र असलेली जुनी पोथी एकच आहे. ती इटलींतील रावेन्ना शहरीं क्लासेन्से ग्रंथालयांत क्रमांक ४२९ खालीं ठेविलेली असून दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चर्मपत्रांवर लिहिलेली आहे. समासांत टीका आहेत. व्हेनिसच्या संत मार्काच्या ग्रंथालयांतील ४७४ क्रमांकाची पोथी तिच्या पाठोपाठची, पण तींत सातच नाटकें आहेत. अकरांपैकीं ‘थेस्मोफोरीच्या सणांतल्या बायका’ या नाटकाची तर रावेन्नाची पोथी व तिच्यावरूनच केलेली म्युनिक येथील एक नक्कल यांवांचून दुसरी पोथीच नाहीं. म्हणजे हजार वर्षांच्या काळांत एकदां एखाद्या मठांत दिवा कलंडला असता, तर हें नाटक या जगांतून नाहींसें झालें असतें.

व्हेनिसच्या आल्डुस मानुशिअस या मुद्रकानें १४९८ सालीं आरिस्टोफेनीसाची पहिली छापील आवृत्ति काढली. संपादक क्रीट बेटाचा मार्कस मुसुरस. त्यानें मूळाच्या सभोंवतीं टीका छापली. आपल्या सटीक पोथ्यांत मूळ मध्यें व टीका वरखालीं असते त्या पद्धतीची पाहणाऱ्यास आठवण व्हावी. पण या आवृत्तींत नाटकें नऊच आहेत. ‘लिसिस्ट्राटा’ निम्मेंशिम्मेंच हातीं आलें म्हणून वगळलें, असें आल्डुसनें स्वतः नमूद केलें आहे. राहिलेलीं दोन फ्लॉरेन्स येथें जुंटाच्या छापखान्यानें १५१६ त रावेन्नाच्या पोथीच्या आधारें प्रसिद्ध केलीं. आणि नंतर ही पोथी विद्वानांच्या नजरेआड झाली ती १७९४ सालीं इन्व्हर्निझीनें लाइप्झिग येथें तिच्या आधारें नवी आवृत्ति काढीपर्यंत. पावणेतीनशें वर्षें सर्वांत उत्तम पाठाची पोथी युरोपांतच होती व तिचा उपयोग कोणी करीत नव्हतें! १९०४ सालीं लायडन येथें तिच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन पुस्तक निघालें, तेव्हां कोठें ती सर्वांची झाली.

आतां माल्ट्याकडे. जॉन हुकम फ्रिअर याचा जन्म १७६९ चा. त्याचा बाप जॉन फ्रिअर यानें इंग्लंडांतील हॉक्सन गांवीं जमिनींत खोल सांपडलेलीं गारगोटीचीं हत्यारें पाहून, तीं धातु ठाऊक नसलेल्या अतिप्राचीन लोकांचीं असावींत असें पत्र १७९७ सालीं लंडनच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या मंडळास लिहिलें होतें. साठ वर्षें त्या पत्राकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. आज प्रागैतिहासिक संशोधनाचा आरंभ त्या पत्रापासून धरितात. असो. मुलगा राजकारणांत पडला. १८०८ सालीं नेपोलियनविरुद्ध स्पेनमध्यें युद्ध पेटलें असतां तो तेथें इंग्लंडचा वकील होता, व सेनापति मूर यानें माघार न घेतां माद्रिदच्या मदतीस जावें असा त्यानें आग्रह धरिला. मूरचें सैन्य संकटांत सांपडलें, तो १८०९ च्या जानेवारींत कोरुन्ना येथें पडला, आणि फ्रिअरवर दोषाचा डोंगर कोसळून त्याला परत बोलाविण्यांत आलें. पुन्हां त्यानें सरकारी काम पत्करिलें नाहीं. १८१७ सालीं टोपणनांवानें लिहिलेलें त्याचें एक विनोदी काव्य वाचूनच बायरनला आपल्या ‘बेप्पो’ या काव्याचा घाट सुचला. पुढें पत्नीच्या प्रकृतीसाठीं तो माल्ट्यास गेला, १८३१ सालीं ती वारली, तरी तेथून हलला नाहीं, व १८४६ सालीं तेथेंच वारला. माल्टी भाषेचा पहिला अध्यापक वासाल्लि यास त्यानें दिलेला आश्रय तेथील लोक अद्याप विसरलेले नाहींत.

युद्धाचा आग्रह धरून ज्याचे हात पोळले, तोच मनुष्य खाजगी तह करणाऱ्या शेतकऱ्याचें नाटक भाषांतरासाठीं घेतो, यांत योगायोगापेक्षां अधिक कांहीं असावें असें आम्हांस वाटतें. ‘सरदार’ नाटकांतील लोकसभेची त्याची समज पुस्तकी नाहीं. सभेचा रोष काय असतो तें त्यानें भोगलें होतें.

भाषांतराविषयींचें आपलें मत त्यानें १८२० सालीं ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ मध्यें मिचेल याच्या आरिस्टोफेनीसावर परीक्षण लिहितांना सांगितलें आहे, आणि आमच्या मतें तें त्याच्या भाषांतराइतकेंच मोलाचें आहे. तो भाषांतरकारांचे दोन वर्ग करितो. एक इमानी, तो शब्दाला शब्द ठेवितो, मूळांतलीं नाणीं, सण, शपथा जशाच्या तशा उतरवितो आणि वाचकाला टीपांच्या रानांत सोडून देतो. दुसरा पाणीदार, तो परक्या नाण्याच्या जागीं आपलें नाणें, परक्या शहराच्या जागीं आपलें शहर घालतो, आणि मग अथेन्सचा शेतकरी लंडनच्या गल्लींतला होऊन बसतो. फ्रिअरचें म्हणणें असें कीं, दोघेहि चुकतात. कवीनें ज्या क्षणिक व्यक्ति रंगविल्या त्यांच्या आड मनुष्यस्वभावाचे जे कायमचे नमुने आहेत ते धरावे, आणि त्या त्या नमुन्याचा मनुष्य कोणत्याहि काळीं जसा बोलेल तसें बोलणें लिहावें; भाषा अशी असावी कीं ती वाचकाला दिसूंच नये. आपल्याकडे शेक्सपियरचीं रूपांतरें झालीं तेव्हां हाच वाद वेगळ्या शब्दांत झाला. फ्रिअरचा लेख त्या वेळीं पुढें असता तर पुष्कळ शाई वांचली असती.

प्रत्यक्ष भाषांतरांत त्यानें आणखी एक गोष्ट केली. पात्र कोणत्या स्वरांत बोलतें, कोठें थबकतें, कोणाकडे पाहतें हें त्यानें सूचनारूपानें संवादांत भरलें. मूळ पोथ्यांत असें कांहींच नाहीं. ही भर अनाधार म्हणतां येईल. पण ज्या पोथींत बोलणाऱ्याचें नांवहि रेघेवर अवलंबून आहे, तिच्या वाचकानें प्रयोग डोळ्यांपुढें आणल्यावांचून अर्थ लावणें शक्य नाहीं. ‘आकार्नियाचे लोक’, ‘सरदार’, ‘पक्षी’ व ‘बेडूक’ हीं चार नाटकें १८३९ सालीं माल्ट्याच्या सरकारी छापखान्यांत मित्रमंडळींपुरतीं छापलीं गेलीं. त्याचे समग्र ग्रंथ १८७२ सालीं लंडनला निघाले, त्यांचे संपादक त्याचे दोन पुतणे: विल्यम एडवर्ड व आमचा बार्टल. दोघेहि मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींत जन्म घालविलेले. चुलत्याचें चरित्रहि बार्टलनेंच त्या ग्रंथास जोडलें आहे.

एका बाबतींत मात्र फ्रिअरशीं आमचें जुळत नाहीं. जें त्याला असभ्य वाटलें तें त्यानें गाळलें. ‘लिसिस्ट्राटा’ ला तर हातच लाविला नाहीं. युद्ध थांबविण्यासाठीं उभय पक्षांच्या बायका नवऱ्यांस शेजेस घेण्याचें नाकारतात, अशी त्या नाटकाची कल्पना. तिच्यांतून असभ्य काढावयाचें म्हटलें तर उरणार काय? जर्मनींत इतिहासकार ड्रॉयसननें १८३५ ते १८३८ मध्यें सर्व नाटकें उतरविलीं. बहिरेपणामुळें वकिली सोडलेल्या रॉजर्सनें १९०२ पासून १९१६ पर्यंत अकराहि नाटकें समूळ, सटीप छापून काढलीं. तरी ‘लिसिस्ट्राटा’ मधील कित्येक जागा त्यानेंहि सौम्य केल्या. स्पार्टाच्या बायकांच्या तोंडीं कित्येक इंग्रजी भाषांतरकार स्कॉटलंडची बोली घालतात. हा उपाय फ्रिअरच्या वर्गवारींत पाणीदारांचा. गाळण्याची रीत सभ्यतेच्या नांवानें चालते तशी सत्तेच्या नांवानेंहि. १९५९ सालीं अथेन्सच्याच प्राचीन रंगमंदिरांत कारोलॉस कून यानें ‘पक्षी’ चा प्रयोग आधुनिक ग्रीक भाषांतरानें केला. भाषांतर रोटासचें, संगीत हाजिदाकिसचें. पुजाऱ्याच्या प्रवेशांत त्यानें चर्चमधील स्तोत्रांची चाल घातली म्हणून पहिल्याच प्रयोगानंतर मंत्र्यानें तो बंद पाडला. तेच नाटक १९६२ त पॅरिसच्या नाट्यमहोत्सवांत पहिलें आलें. चोवीसशें वर्षांपूर्वीं क्लीऑननेंहि ‘बॅबिलोनचे लोक’ या नाटकावरून कवीस सभेपुढें खेंचलें होतें. तें नाटक आज नाहीं. खटल्याची हकीकत तेवढी आहे.

फ्रिअरला नांवें ठेवण्याचा आम्हांस कितपत अधिकार आहे, तेंहि येथें सांगितलें पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं देशावरील एका वाड्यांत तीन रुमाल पाहण्यास मिळाले. घरधन्याची इच्छा कीं आम्हीं हवें तें न्यावें. एकांत वेदांताच्या टीका होत्या, दुसऱ्यांत यादी व पत्रें. तिसऱ्यांत पहिलें पान गेलेलें एक संस्कृत प्रहसन, मध्यें मध्यें मराठी पदें, व समासांत कोणा तरी रसिक वाचकानें नांवें लिहून ठेविलेलीं. बहुधा गांवांतल्याच माणसांचीं. चार पानें वाचलीं तों भाषा अशी निघाली कीं, बरोबर दोन विद्यार्थी होते म्हणून रुमाल बांधून परत दिला. वेदांत व यादी घेऊन आलों. त्या टीका पुढें छापील निघाल्या. यादींतील बहुतेक मजकूर अन्यत्र प्रसिद्ध झालेला होता. दोन वर्षांनीं एकटेच गेलों, तेव्हां तिसऱ्या रुमालाचे कागद पावसाळ्यांत खिडक्यांच्या फटींस चिकटविले गेले होते. एका फटीवरचें अर्धें पान ओलें करून काढलें. त्यावर सात ओळी आहेत, आणि सातवींत समासांतलें एक नांव.

तें अर्धें पान आम्ही मंडळाच्या दफ्तरीं देत आहों. त्या प्रहसनाची दुसरी प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास, तिची भाषा कशीहि असो, कळवावें. तसेंच फ्रिअरच्या भाषांतराची १८३९ सालची माल्ट्याची प्रत सातारा, पुणें किंवा मुंबई येथील एखाद्या जुन्या कपाटांत कोणास आढळली, तर पहिल्या कोऱ्या पानावर कोणाची सही वा शाईचा मजकूर असल्यास त्याची नक्कल पाठवावी, अशी विनंति आहे.